आकडा मुलाकडे परत येतो का?

संयोजकांनी दिलेल्या विषयात तीन जड शब्द आहेत: तंत्रज्ञान, विदा आणि अध्ययनाचं मापन. यातला 'विदा' हा शब्द कुणीतरी विचारपूर्वक घडवला असणार, पण शाळेत तो ऐकू येत नाही. शाळेत म्हणतात 'माहिती'. आणि त्या शब्दाबरोबर एकच क्रियापद येतं, 'भरणे'. माहिती भरली का? लिंक आलीय, आज पाचच्या आत भरा. तुमच्या केंद्राची माहिती भरायची राहिलीय, कृपया स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. माहिती 'वाचली का' असं विचारणारा संदेश आम्ही अजून पाहिलेला नाही. आजचं बोलणं साधारण एवढ्याच मुद्द्याभोवती आहे.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. शिक्षणाच्या व्यासपीठांवर हल्ली मापनाला नावं ठेवणं सोपं झालंय. शिकणं हे फुलासारखं असतं, त्याला फूटपट्टी लावू नका, वगैरे. आम्ही त्या पंथातले नाही. पाचवीतल्या मुलीला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो की नाही हे मोजता येतं आणि ते मोजलंच पाहिजे. न मोजल्यामुळे जिचं नुकसान होतं, ती मुलगी बहुधा या सभागृहातल्या कुणाच्या घरातली नसते. आपल्या मुलांचं काय चाललंय ते आपण घरी पाहतोच. जिच्या घरी पाहणारं कुणी नाही, तिच्यासाठीच कुणीतरी मोजायची गरज असते.

म्हणून सुरुवात एका चांगल्या मोजपट्टीपासून करू. २००५ सालापासून 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने 'असर' नावाची पाहणी होते. तिचे आकडे जानेवारीत वर्तमानपत्रात येतात, दोन दिवस अग्रलेख होतात, मग विषय संपतो. आकड्यांपेक्षा ती पाहणी कशी करतात हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाहणी करणारे गावात जातात आणि मुलाच्या घरी बसतात. शाळेत जात नाहीत. कारण शाळेत गेलं तर त्या दिवशी गैरहजर असलेलं मूल सुटतं, आणि शाळा सोडलेलं तर कधीच सापडत नाही. मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर काही अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात अंक ओळखणं, दोन अंकी संख्या वाचणं, हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. बस, एवढंच. एका मुलामागे काही मिनिटं.

देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणाऱ्यांचं प्रमाण गेली दोन दशकं निम्म्याच्या आसपास घुटमळतंय. २०१८ मध्ये निम्म्याच्या किंचित वर, कोविडनंतर २०२२ मध्ये ४२-४३ टक्क्यांवर, २०२४ मध्ये परत निम्म्याच्या जवळ. या पाहणीवर टीका करण्यासारखं बरंच आहे. ती फक्त तळ मोजते. गोष्ट घडाघडा वाचणाऱ्या मुलाला ती कळली का, हे ती विचारत नाही. आणि तळाची पट्टी एकदा हातात आली की तीच छताची होते. 'गोष्ट वाचली, झालं काम' असं समजणारे अधिकारी आम्ही पाहिलेत. तरीही या कागदाची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. मूल वाचत असताना बाजूला त्याची आई बसलेली असते. ती स्वतः शाळेत गेलेली नसेल. पण आपलं पोर शब्दापाशी अडलं, पुढे गेलंच नाही, हे तिला तिथल्या तिथे दिसतं. तिला टक्केवारी कळायची गरज नाही. आकडा दिल्लीला जायच्या आधी माहिती चुलीपर्यंत पोचलेली असते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. केंद्र सरकारचा एक निर्देशांक आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला 'पीजीआय' म्हणतात, परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स. राज्यांच्या शालेय शिक्षणाला एक हजारपैकी गुण द्यायचे अशी ती योजना. २०१७-१८ पासून सुरू झाली. हा दस्तऐवज आपण एखादं पुस्तक वाचतो तसा वाचून पाहावा असं आम्ही शिक्षकांना नेहमी सांगतो. कादंबरीत लेखकाचं कुणावर प्रेम आहे हे तो कुणाला किती पानं देतो त्यावरून कळतं. इथे पानांच्या जागी गुण आहेत.

पहिल्या रचनेत ७० निर्देशक होते. मुलांना काय येतं, या भागाला १८० गुण. प्रशासनाच्या प्रक्रियांना ३६० गुण. म्हणजे दुप्पट. मुलांचे आणि शिक्षकांचे ओळख क्रमांक नोंदले का, हजेरी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते का, पैसे वेळेत सुटले का, पदं भरली का, असे मुद्दे त्यात येतात. यातले काही मुद्दे अत्यंत गरजेचे आहेत. रिक्त पदं हा प्रश्न आम्ही कधीच दुय्यम म्हणणार नाही. पण आता त्या १८० गुणांच्या आत डोकावू. तिथे नऊ निर्देशक, प्रत्येकी २० गुण. आठ निर्देशक म्हणजे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या मुलांचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातले भाषा, गणित वगैरे विषयांचे सरासरी गुण. आणि नववा कोणता? तर किती शाळांनी अध्ययन निष्पत्तींचे तक्ते भिंतीवर लावले. तिसरीतल्या राज्यभरच्या मुलांना भाषा किती येते याला २० गुण, आणि 'तिसरीच्या मुलांना काय यायला हवं' याचा तक्ता चिकटवण्यालाही २० गुण. शाळेत गेलात तर ते तक्ते तुम्हाला दिसतील. फ्लेक्सवर छापलेले, बारीक अक्षरात, साधारण सहा-सात फूट उंचीवर. तिसरीचं मूल मान वर करूनही वाचू शकत नाही असे.

बरं, मुलांचे ते सरासरी गुण कधीचे? राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं नोव्हेंबर २०१७ मध्ये. पुढचं झालं नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधल्या प्रत्येक वर्षीच्या निर्देशांकात २०१७ चेच गुण धरले गेले. २०२०-२१ हे वर्ष आठवा. राज्यातल्या बहुतेक प्राथमिक शाळांचे वर्ग जवळपास वर्षभर भरले नाहीत. आश्रमशाळेतली मुलं पाड्यावर परतली. ज्या घरात एकच मोबाइल होता, तो वडिलांबरोबर कामावर जात होता. त्या वर्षीच्या निर्देशांकात महाराष्ट्राला हजारपैकी ९२८ गुण मिळाले. केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने देशात सर्वांत वर. बातम्या आल्या, अभिनंदनाचे ठराव झाले. शिकण्याच्या रकान्यात बंद शाळांचा साधा ओरखडाही नव्हता. असणार कसा? तो रकाना चार वर्षांपूर्वीच्या मुलांचा होता.

पुढच्या वर्षी निर्देशांकाची रचना बदलली. शिकण्याला १८० च्या जागी २४० गुण झाले, प्रशासनाचे ३६० चे १३० झाले, शिक्षक-प्रशिक्षणासाठी नवे १०० आले, आणि यावेळी २०२१ च्या सर्वेक्षणाचे गुण धरले गेले. महाराष्ट्र उतरला ५८१ ते ६४० च्या पट्ट्यात. त्या पट्ट्याला नाव 'प्रचेष्टा-३'. केरळही तिथेच. म्हणजे वर्षभरात आपल्या शाळा साडेतीनशे गुणांनी कोसळल्या का? अर्थात नाही. आदल्या वर्षी त्या देशात सर्वोत्तम होत्या का? तेही नाही. नवी रचना जुन्यापेक्षा प्रामाणिक आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण पहिल्या गुणांवर ज्यांनी भाषणं केली, त्यांनी दुसऱ्या गुणांवर चकार शब्द काढला नाही. आणि आमची खरी तक्रार वेगळी आहे. ९२८ असोत की ५८० च्या आसपास, यातल्या कुठल्याही आकड्यामुळे कुठल्याही चौथीच्या बाईंना सोमवारी सकाळी वर्गात वेगळं काय करायचं हे कळलं नाही. कळणं शक्यच नव्हतं. तो आकडा त्यांच्यासाठी तयार झालेलाच नाही.

कुणी म्हणेल, हा संगणकयुगाचा रोग आहे. तसं नाही. याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे आणि त्यात आपला एक माणूस फार महत्त्वाचं बोलून गेलाय, म्हणून थोडं मागे जाऊ.

१८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांच्या अनुदानाचे नवे नियम आले. शाळेला सरकारी पैसे मिळणार ते निकालागणिक. निरीक्षक येणार, सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांत परीक्षा घेणार. मूल एका विषयात नापास झालं की शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जाणार. आजच्या भाषेत, डेटावर आधारित निधी. त्या काळचा एक शाळा-निरीक्षक होता मॅथ्यू अर्नोल्ड, तोच तो कवी आणि समीक्षक. पस्तीस वर्षं त्याने ही नोकरी केली. त्याने आपल्या सरकारी अहवालात वर्षामागून वर्षं लिहिलं की शिकवणं यांत्रिक होत चाललंय, आणि चतुर तयारी करून घेतली तर मुलं वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेत पास होऊ शकतात, वाचन-लेखन-गणित खरोखर न येता. वाचनाचं पुस्तक ठरलेलं होतं. ते पाठ करून घेतलं की काम झालं. ही पद्धत पूर्ण मोडीत निघायला १८९० चं दशक उजाडावं लागलं.

हीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली होती. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी तिच्याबद्दल स्पष्ट मत दिलंय. या निवेदनाचा उल्लेख आपल्याकडे सक्तीच्या आणि मोफत शिक्षणासाठी होतो, तो योग्यच आहे. पण त्यातला हा भाग कुणी फारसा वाचत नाही. फुल्यांचं म्हणणं असं, की ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडी अजून लागायची आहे, त्यात शिक्षणप्रसारासाठी निकालागणिक पैसे देण्याची पद्धत अजिबात उपयोगाची नाही. अशा लोकांत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढायला कुणी शिक्षक धजणार नाही, कारण त्याचं पोट त्यावर भरणार नाही. म्हणून तिथे सरकारने स्वतः शाळा चालवल्या पाहिजेत.

हे वाचून फुल्यांना मापनविरोधी ठरवायची घाई करू नका. त्याच निवेदनात ते तपासणीबद्दलही बोलतात. डेप्युटी वर्षातून एकदा येतो, त्याचा काही उपयोग नाही. शाळा निदान तीन महिन्यांतून एकदा तपासल्या पाहिजेत, आणि न कळवता. बरीच मुलं पास करणाऱ्या खेड्यातल्या शिक्षकाला पगाराशिवाय थोडा विशेष भत्ता द्यावा असंही ते सुचवतात. म्हणजे काय, तर शिक्षकाला किमान बारा रुपये पगार असावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा, गावात त्याचा मान वाढेल अशी कामं त्याला द्यावीत, त्याच्या शाळेत वरचेवर जावं, चांगलं काम केलं तर वर काही द्यावं. हे सगळं त्यांना मान्य. पण जी शाळा सर्वांत अवघड मुलांना घेऊन बसलीय, तिचं अस्तित्वच निकालाला टांगायचं, हे अमान्य. इतका बारकाईचा फरक आजच्या धोरणांच्या कागदांत आम्हाला क्वचित सापडतो.

अमेरिकेनेही हा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत करून पाहिला. २००१ च्या कायद्यानंतर शाळांचं भवितव्य चाचण्यांच्या गुणांना बांधलं गेलं. अटलांटा शहरात २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या किंवा तो प्रकार होऊ दिला असं निघालं. खाडाखोडीच्या खुणांवरून ते पकडले गेले. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच हे सांगून ठेवलं होतं: एखाद्या आकड्यावर मोठे निर्णय लटकवले की तो आकडा भ्रष्ट होतो, आणि ज्या कामाचा तो आकडा आहे ते कामही. यावर जास्त वेळ घालवत नाही, तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल.

आता एक गैरसमज. आकडे वाईट आणि शब्द चांगले, असं काही आहे का? आपल्या राज्याने याचंही उत्तर दिलंय. शिक्षणहक्क कायदा आला, पाठोपाठ २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांऐवजी श्रेणी, आणि श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंदी. कल्पना सुंदर होती. बाईंनी मुलाकडे वर्षभर बघायचं आणि दिसलं ते लिहायचं. प्रगतिपुस्तकात रकाने आले: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. झालं काय? दोन-तीन वर्षांत बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या छापील पुस्तिका आल्या. इयत्तावार, विषयवार. मग त्यांच्या पीडीएफ आल्या. 'कविता तालासुरात गायन करतो.' 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो.' 'शब्दसंग्रह वाढवावा.' आज ४० मुलांच्या वर्गात ४० नोंदी असतात, आणि नावं झाकली तर कुठलं मूल कुठलं हे खुद्द लिहिणाऱ्या बाईंनाही सांगता येणार नाही. मुलाचं वर्णन करायला सुरू झालेली गोष्ट मुलाशिवाय पूर्ण होऊ लागली.

यात शिक्षकांना दोष देणं आम्हाला मान्य नाही. ज्या नोंदी कुणी वाचणार नाही, फक्त आहेत की नाहीत एवढंच पाहणार, त्या नोंदी माणूस कशा लिहील? पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाने जूनमध्ये मागच्या वर्षीच्या नोंदी वाचून वर्ग सुरू केला असता, तर दुसऱ्याच वर्षी त्या पुस्तिका रद्दीत गेल्या असत्या. कारण त्याने विचारलं असतं, 'अहो बाई, हा सुरेश तालासुरात गातो म्हणून लिहिलंय, तो तर बोलतच नाही!'

आता तंत्रज्ञान. इथेही आम्ही सरसकट नाही म्हणत नाही. उलट दोन उदाहरणं देतो, दोन्ही बाजूने बोलणारी.

एक वजाबाकी घ्या: ५०३ वजा १२७. उत्तर ३७६. एक मूल लिहितं ४२४. दुसरं मूल लिहितं ४७६. ऑनलाइन नोंदीत दोघांपुढे शून्य. आता जरा बघा. ४२४ लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय: सातातून तीन गेले चार, दोनातून शून्य गेला दोन, पाचातून एक गेला चार. त्याला वजाबाकी म्हणजे दोन अंकांमधला फरक एवढंच कळलंय, वरची पूर्ण संख्या दिसलेलीच नाही. ४७६ लिहिणारं मूल फार पुढे आहे. त्याने तीनाचे तेरा केले, शून्याच्या जागी नऊ लिहिले, फक्त ज्या पाचातून शतक घेतलं त्याचे चार करायला विसरलं. पहिल्या मुलाला दशकाच्या काड्यांच्या जुड्या हातात घेऊन पुन्हा बसवावं लागेल. दुसऱ्याशी पाच मिनिटं बोललं तर पुरे. दोघांना 'गणितात मागे' या एकाच रकान्यात टाकून एकच उपचारात्मक वर्ग दिला तर पहिल्याला काही कळणार नाही आणि दुसरा कंटाळेल.

१९७८ साली अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन या दोन संशोधकांनी नेमका हाच विषय घेतला होता. मुलांच्या चुका बेशिस्त नसतात, बहुतेकदा ती चुकीचा पण ठाम नियम पाळत असतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांनी 'बगी' नावाचा संगणक-कार्यक्रम केला. संगणक चुकणाऱ्या मुलाचं सोंग घ्यायचा आणि शिक्षकाने त्याला गणितं घालून तो कोणता नियम पाळतोय ते ओळखायचं. गंमत अशी, की जवळपास पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या संगणकाने शिक्षकाची नजर तीक्ष्ण करायचं काम केलं. आजचे लखलखीत डॅशबोर्ड ४२४ आणि ४७६ मधला फरक पुसून टाकतात.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरचा तिथल्या शाळाबाह्य केंद्रांत काटेकोर अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेली मुलं, साडेचार महिने, रोज साधारण पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास छोट्या गटात शिक्षकाबरोबर. गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे ठळक प्रगती दिसली. का? कारण मूल जिथे आहे तिथून सॉफ्टवेअर सुरू होत होतं. सहावीतली मुलं गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे होती, आणि एकाच वर्गात अनेक इयत्तांच्या पातळ्या एकत्र बसल्या होत्या. सहावीच्या पुस्तकातलं पान त्यातल्या बहुतेकांसाठी परक्या भाषेतलं होतं. इथे मुलाच्या उत्तराची नोंद झाली आणि पुढच्याच क्षणी त्याला मिळणारा प्रश्न बदलला. या डेटाला आमची काही हरकत नाही. तो मुलाकडून निघाला आणि मुलाकडेच परत आला.

आता आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊ. २०१५ पासून 'सरल' आहे, मग यू-डायस प्लस आहे. २०२३ च्या अखेरीस मुलांची हजेरी चॅटबॉटवर भरायची सूचना आली. नियतकालिक चाचण्यांचे गुणही ऑनलाइन चढवायचे, ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राच्या पडद्यावर दिसतात. ज्या पाड्यावर रेंज टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही, तिथले गुरुजी मधल्या सुट्टीत टेकडीवर जातात. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी टेकडीवर गेले की दुसऱ्याकडे चार वर्ग. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमात शिक्षकाला जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय. माहिती भरणं मात्र 'शैक्षणिक' समजलं जातं, त्यामुळे कलमाचा भंग होत नाही! कायदेपंडितांनी यावर कधीतरी लिहावं.

पण वेळ जातो हा तक्रारीचा लहान भाग. मोठा भाग आहे संचमान्यतेचा. शाळेत शिक्षकांची किती पदं मंजूर, हे पटावरून ठरतं. कायद्याचं प्रमाण प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक. अलीकडे राज्यात संचमान्यतेसाठी ज्यांचं आधार वैध ठरलंय अशाच मुलांना धरायचं धोरण आलं. बोगस पट रोखायचा हा हेतू चांगला. बोगस पट होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आधार कुणाचं जुळत नाही, याचा विचार करा. नावात आई एक स्पेलिंग सांगते, दाखल्यावर दुसरं. जन्मतारीख शाळेत एक, कार्डावर एक. लहानपणी घेतलेले बोटांचे ठसे आता जुळत नाहीत. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, वीटभट्टीवरचं कुटुंब, पालावरचं कुटुंब. मूल रोज वर्गात समोर बसतंय, खिचडी खातंय, पाढे म्हणतंय, आणि यंत्रणेच्या लेखी ते नाही. अशी मुलं एकाच शाळेत दहा-बारा असली तर एक पद जाऊ शकतं. म्हणजे ज्या शाळेत सर्वांत अडलेली मुलं जास्त, तिथला शिक्षक कमी होण्याचा धोका जास्त. फुल्यांच्या निवेदनातला आक्षेप हाच होता. फक्त तेव्हा निरीक्षकाची वही होती आणि आता सर्व्हर आहे.

एक उपाय बोलून संपवतो, कारण नुसती टीका करून उठायचं नाही असा आमचा रिवाज आहे. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. तिच्यात बहुतेक वेळ सूचना वाचण्यात आणि कुणाच्या किती नोंदी बाकी आहेत हे सांगण्यात जातो. आमची मागणी एवढीच, की चाचणी झाल्यावरच्या परिषदेत पहिला एक तास पडदा बंद ठेवावा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाच्या पाच उत्तरपत्रिका घेऊन याव्यात, चुकलेल्या. त्या सतरंजीवर मांडाव्यात. कुणी ४२४ लिहिलंय, कुणी ४७६, ते बघावं, आणि बाजूच्या गावच्या बाई यावर काय करतात ते ऐकावं. गुण चढवायला त्यानंतर आठ दिवस द्यावेत. या तासाचा अहवाल मागू नये, फोटो मागू नये, लिंक पाठवू नये. गटशिक्षणाधिकाऱ्यांना खात्री करायची असेल तर त्यांनी न कळवता येऊन सतरंजीवर बसावं.

अर्धा तास प्रश्नांसाठी राखलाय असं संयोजक खुणावतायत. मागच्या रांगेतल्या शिक्षकांनी आधी विचारावं, त्यांना शेवटची एसटी गाठायची असते.